जॉबर आणि पुढारी

मुंबईच्या गिरणीत तुझा मालक कोण, असं १९२० च्या सुमारास परळच्या एखाद्या साचेवाल्याला, म्हणजे मागावरच्या विणकराला, विचारलं असतं, तर त्याने पेटिट, ससून किंवा वाडिया यांच्यापैकी कुणाचंच नाव घेतलं नसतं. त्याने आपल्या जॉबरचं नाव सांगितलं असतं. मालक फोर्टमधल्या हापिसात बसत. मॅनेजर आणि मास्तर गिरणीत असत, पण दीड-दोन हजार माणसांतल्या कुणाची त्यांना नावानिशी ओळख नसे, आणि पुष्कळांना कामगारांची भाषाही येत नसे. १८५४ मध्ये कावसजी नानाभाई दावर यांनी गिरणी कंपनी काढली, १८५६ मध्ये ताडदेवला ती सुरू झाली, आणि तेव्हापासून जवळजवळ ऐंशी वर्षं माणसं आणणं, लावणं आणि काढणं हे काम मालकांनी जॉबरवर सोडून दिलं होतं.

माझे आजोबा असे जॉबर होते. लालबागच्या एका गिरणीत साचेखात्यात लाइन जॉबर. मी स्वतः पुढे त्याच भागातल्या दुसऱ्या एका गिरणीत हजेरी खात्यात कारकून म्हणून लागलो आणि गिरणी बंद पडेपर्यंत तिथेच होतो. त्यामुळे जॉबर हा प्राणी मला घरातूनही माहीत आहे आणि मस्टरच्या खिडकीतूनही. माणसांवर हुकमत असणं आणि माणसांचं पुढारपण करणं यांतलं अंतर मी जे काही शिकलो ते या दोन ठिकाणी. व्यवस्थापनाच्या पुस्तकांतून ते मला कधी नीट कळलं नाही.

जॉबरची सत्ता कशावर उभी होती ते आधी सांगतो, कारण ती नुसत्या आरड्याओरड्यावर उभी नव्हती. माणूस रत्नागिरीहून बोटीने यायचा, साताऱ्या-कोल्हापुराकडून यायचा, उत्तरेकडूनही यायचा. आल्या आल्या तो गाववाल्याच्या गाळ्यावर वळकटी टाकायचा. काम मिळायचं ते जॉबरच्या तोंडच्या शब्दावर. काम लागलं तरी पगार लगेच हातात पडत नसे. महिनाभर राबायचं आणि त्या महिन्याचे पैसे पुढच्या महिन्याच्या मध्याला घ्यायचे, अशी रीत. म्हणजे नव्या माणसाचे पहिले सहा आठवडे उधारीवर. वाणी उधार द्यायचा, खानावळवाली जेवायला घालायची, घरमालक भाड्याला थांबायचा, तो जॉबरच्या भरवशावर. शिवाय पुष्कळ जॉबर स्वतःच व्याजाने पैसे देत. चांगला साचा कुणाला, खराब सुताचं बीम कुणाच्या गळ्यात, साचा बिघडला की आधी कुणाचा दुरुस्त करायचा, शिमग्याला गावी कोण जाणार आणि परत आल्यावर त्याची जागा शिल्लक असणार की नाही, हे सगळं एका माणसाच्या हातात. त्याबद्दल तो दस्तुरी घ्यायचा. कामावर लागताना, रजेवरून परतताना, सणावाराला. वाइंडिंग आणि रिळिंग खात्यात बायका असत, त्यांच्यावर नायकीण असे. तिचाही कारभार असाच.

आजोबांनी दस्तुरी घेतली. ते त्यांनी कधी लपवलं नाही, आणि मीही लपवणार नाही. गावाहून परतणारा माणूस काजूगर, कुळीथ, कधी कोंबडी घेऊन आमच्या खोलीवर यायचा, आणि रोख द्यायची वेळ आली की रोखही द्यायचा.

पण या सत्तेला एक मोठं भगदाड होतं. जॉबरकडे देण्यासारखं काही असेल तोवरच ती चालायची. १८९६ च्या पावसाळ्यानंतर मुंबईत प्लेग आला. माणसं जीव घेऊन बोटीने, रेल्वेने, पायी गावाकडे पळाली. १८९७ च्या सुरुवातीला गिरण्यांना माणूस मिळेना. पगार रोजच्या रोज रोख मोजावा लागला, आणि नाक्यावर उभ्या असलेल्या कामगारांसाठी निरनिराळ्या गिरण्यांची माणसं चढाओढीने बोली लावू लागली. कालपर्यंत ज्याच्या भुवईकडे बघून माणसं साच्यावर उभी राहत, तो जॉबर नाक्यावर मिनतवारी करत फिरताना दिसू लागला. ज्याच्यापाशी नोकरीखेरीज काही नाही, त्याच्यामागे माणसं नोकरीपुरतीच असतात.

त्याच प्लेगात नारायण मेघाजी लोखंडे मुंबईत थांबले. प्लेगच्या रोग्यांच्या सेवेत त्यांनी स्वतःला झोकून दिलं आणि ९ फेब्रुवारी १८९७ ला त्याच रोगाने ते गेले. लोखंडे जॉबर नव्हते. जन्म १८४८ चा, ठाण्यातला. रेल्वे आणि पोस्टात नोकरी करून ते मांडवीच्या एका गिरणीत स्टोअरकीपर झाले. जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते, आणि १८८० पासून ‘दीनबंधू’चे संपादक. कुणाला साच्यावर लावण्याची किंवा काढण्याची सत्ता त्यांच्यापाशी कधीच नव्हती. १८८४ च्या सप्टेंबरमध्ये त्यांनी कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार सह्यांचा अर्ज कारखाना आयोगापुढे ठेवला. मागण्या आज वाचल्या तर पोटात कालवतं: आठवड्यात रविवारी सुट्टी द्या, दुपारी अर्धा तास विसावा द्या, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढंच काम घ्या, महिन्याचा पगार पुढच्या पंधरा तारखेपर्यंत द्या, कामावर हातपाय गेला तर भरपाई द्या. पगार पंधरा तारखेपर्यंत द्या, ही मागणी वरवर किरकोळ वाटते. पण जॉबर आणि वाणी यांचा फास नेमका त्या उशिरातच होता, आणि लोखंड्यांनी तो ओळखला होता.

त्यांच्या मिलहँड्स असोसिएशनला सभासदांची यादी नव्हती, फंड नव्हता, नियमही नव्हते. तेव्हाच्या सरकारी टिपणांत हे काहीशा तुच्छतेने नोंदलेलं आहे, आणि नंतरच्या काही अभ्यासकांनी त्यावरून लोखंड्यांना खरे संघटक मानायलाच नकार दिला. मला तो नकार पटत नाही. २४ एप्रिल १८९० ला महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर सुमारे दहा हजार कामगार जमले. दोन कामगार बायकाही त्या सभेत बोलल्या. १८९० साली भर सभेत कामगार बाई उभी राहून बोलते, हे दृश्य डोळ्यांपुढे आणून पाहा. यादी नसलेल्या संघटनेच्या हाकेला दहा हजार माणसं येतात, आणि १० जून १८९० ला गिरणी मालक रविवारची सुट्टी मान्य करतात. यादीवर आणि फंडावर जे चालत नाही ते कशावर चाललं, याचं उत्तर त्या टिपणांत मिळत नाही.

१९२८ चा संप ही या गोष्टीची मोठी कसोटी. गिरण्यांत नवी पद्धत आली होती. साचेवाल्याने दोनाऐवजी तीन साचे चालवायचे, कताई खात्यात एकाने दुप्पट बाजू सांभाळायच्या, आणि त्यातून सुटलेली माणसं कमी करायची. एप्रिलमध्ये गिरण्या बंद पडल्या आणि सुमारे दीड लाख कामगार सहा महिने बाहेर राहिले. श्रीपाद अमृत डांगे, निंबकर, मिरजकर, जोगळेकर ही शिकलेली मंडळी संपात होती. पण माझं लक्ष नेहमी जातं ते अर्जुन आत्माराम आळवे यांच्याकडे. ते गिरणीतले कामगार होते. आधी गिरणी महामंडळाचे आणि मग संपात जन्माला आलेल्या गिरणी कामगार युनियनचे ते अध्यक्ष झाले. लाल बावट्याची ही युनियन वर्षअखेरीला चोपन्न हजार सभासदांवर गेली.

त्या युनियनने केलेलं सगळ्यात महत्त्वाचं काम माझ्या मते मैदानावरच्या सभा हे नव्हतं. गिरणीगणिक कामगारांच्या समित्या नेमल्या, हे होतं. खात्यात कुणाचे पैसे कापले, कुणाला बाहेर काढलं, की माणूस जॉबरकडे न जाता समितीकडे जाऊ लागला. पुष्कळ जॉबर त्यामुळे पिसाळले. काही शहाणे होते ते समितीत येऊन बसले. आमच्या आजोबांनी तेव्हा यातलं काहीच केलं नाही. ते गप्प राहिले, आणि गावी निघून गेले.

याच संपात पुढारपणाची दुसरी एक परीक्षा झाली, आणि ती पुढाऱ्यांना जड गेली. साचेखात्यात अस्पृश्य कामगाराला घेत नसत. कारण धोटा. त्या काळच्या धोट्यात सुताची कांडी बसवली की टोक बाहेर काढायला कामगार धोट्याच्या भोकाला तोंड लावायचा आणि श्वास आत ओढायचा. दोरा तोंडात यायचा. सोबत कापसाची धूळही जायची. कांडी संपली की पुन्हा तेच, दिवसभर, आणि तोच धोटा पाळी बदलली की दुसऱ्याच्या ओठाला. मराठा साचेवाले म्हणत, महाराने तोंड लावलेला धोटा आम्ही तोंडाला लावणार नाही. साचेखात्यात पगार सगळ्यात बरा होता. म्हणजे जातीच्या नावाखाली भाकरीच अडवलेली होती, आणि अडवणारे मालक नव्हते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी संपाच्या पुढाऱ्यांना बजावलं, सगळ्या खात्यांत काम मिळण्याचा हक्क मागण्यांत घातला नाही तर मी माझ्या लोकांना संपापासून दूर राहायला सांगेन. पुढाऱ्यांनी ती मागणी घातली, पण मनापासून नाही. आणि मालकांनी ती वाचून उलट विचारलं, हा अन्याय असेल तर तो आम्ही केलाय का?

त्या प्रश्नाला पुढाऱ्यांकडे उत्तर नव्हतं. मालकाविरुद्ध बोलायला छाती लागते, तुरुंगात जायला तर फारच लागते, आणि ती या माणसांकडे होती. त्यांच्यातले पुष्कळजण पुढे मेरठ कटाच्या खटल्यात वर्षानुवर्षं आत राहिले. पण आपल्याच मागे उभ्या असलेल्या साचेवाल्याला, तुझ्या शेजारी हा माणूस उभा राहील आणि तुझाच धोटा वापरील, असं सांगायला ते कचरले. मालकापुढे ताठ उभा राहणारा पुढारी आपल्या गर्दीपुढेही तितकाच ताठ असला पाहिजे, ही अपेक्षा जास्त आहे हे मी जाणतो. आंबेडकरांनी ती पुरी केली. त्यांना त्या दीड लाखांत बहुमत नव्हतं, आणि ते मिळवण्यासाठी त्यांनी आपला शब्द मऊ केला नाही. साचेखात्याचा दरवाजा मात्र पुढेही कित्येक वर्षं अडलेलाच राहिला.

ऑक्टोबरमध्ये, चौकशी समिती नेमण्याच्या बोलीवर, संप मागे घेतला गेला आणि माणसं सगळी मिळून कामावर गेली. या ‘सगळी मिळून’ला मी फार मोल देतो. पुढच्या मार्चच्या २० तारखेला आळवे, डांगे आणि इतरांना धरून त्या खटल्यासाठी मेरठला नेलं. १९२९ चा संप फसला आणि युनियन विस्कटली.

मग सरकारलाही जॉबर खुपू लागला. व्हिटली यांच्या शाही कामगार आयोगाने १९३१ च्या अहवालात सांगितलं, माणसं लावण्याचा आणि काढण्याचा अधिकार जॉबरकडून काढून घ्या, त्यासाठी लेबर ऑफिसर नेमा. कामगार पुढारी ना. म. जोशी हेही त्या आयोगावर होते. १९३५ पासून गिरण्यांत बदली कामगारांना कार्डं देण्याची पद्धत आली, म्हणजे रोज सकाळी जॉबरने बोट दाखवून माणूस निवडायचा नाही. कागदावर हे उत्तम होतं.

आमच्या घरातली गोष्ट त्यानंतरची आहे. युद्ध सुरू झालं, धान्य महागलं, आणि मार्च १९४० मध्ये महागाई भत्त्यासाठी मुंबईतल्या गिरण्या पुन्हा बंद पडल्या, सुमारे चाळीस दिवस. मॅनेजरने जॉबरांना बोलावून सांगितलं, आपापल्या लाइनची माणसं उद्या आत आणा, नाहीतर जॉबरकी विसरा. आजी सांगायची की त्या रात्री आजोबा जेवले नाहीत. सकाळी ते गिरणीकडे गेले नाहीत, चाळीखालच्या वाण्याकडे गेले. आपल्या लाइनमधल्या माणसांची नावं त्याला एकेक करून सांगितली आणि म्हणाले, यांची उधारी माझ्या खात्यावर मांड. वाणी म्हणाला, तात्या, तुमचीच नोकरी जातेय, तुमच्या खात्याला आता काय किंमत? आजोबांनी आजीच्या पाटल्या त्याच्यापुढे ठेवल्या. आजीने विचारलं होतं, आपल्या पोरांचं काय? त्यावर त्यांचं एवढंच उत्तर होतं, “आणि ते पोटाक काय खातले?”

संप मिटला. आजोबांची जॉबरकी गेली आणि त्यांना त्याच खात्यात साध्या साच्यावर उभं केलं. पाटल्यांपैकी एक परत आली. पण मला सांगायचं ते वेगळंच आहे. माझे वडील सांगत, जॉबरकी गेल्यावरही माणसं खोलीवर येत राहिली. आता देण्यासारखं आजोबांकडे काहीही नव्हतं. काजूगर, कोंबड्या बंद झाल्या, माणसं वाढली. सोयरिकी ठरवायला, मनिऑर्डर लिहून घ्यायला, भावांचं भांडण तोडायला, नव्या जॉबरला समजावून सांगायला. पंधरा-वीस वर्षं हातात सत्ता होती तेव्हा त्यांचं ऐकलं जायचं. सत्ता गेल्यावर त्यांना विचारलं जाऊ लागलं.

मी नोकरीला लागलो तेव्हा जॉबर हा खात्यातला जाणकार कारागीर उरला होता, साचा लावणारा, सेटिंग करणारा. माणूस लावण्याचा हक्क कागदावर गेला होता. पण पाळी सुरू व्हायच्या आधी बदलीवाले दरवाजापाशी जमायचे, आणि आज किती जागा रिकाम्या आहेत हे खात्यातून कळेपर्यंत माझ्या खिडकीकडे बघत उभे असायचे. वर्षानुवर्षं बदलीच राहिलेली, पोरं कॉलेजात गेलेली माणसं. आमच्याकडे एक अधिकारी होता, तो खात्यातून आकडा मुद्दाम उशिरा पाठवायचा, म्हणजे गर्दीला आपली गरज कळते, असं तो मला म्हणाला होता. त्याच खात्यात एक वयस्कर जॉबर होते. ते पाळीच्या आधी अर्धा तास यायचे, गैरहजर कोण असणार याचा अंदाज घ्यायचे, आणि दरवाजावर जाऊन सांगायचे, आज तुम्हा चौघांना मिळेल, बाकीच्यांनी थांबू नका, दुसरीकडे बघा. त्यांना तसा अधिकार नव्हता. पण त्यांचा अंदाज सहसा चुकत नसे, आणि माणसांचा दिवस वाचत असे.

१९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने मालकांशी बोलण्याचा हक्क एकाच मान्यताप्राप्त युनियनला दिला होता. ती मान्यता सभासदांच्या नोंदीवर ठरायची, कामगारांच्या गुप्त मतदानावर नाही. म्हणजे जॉबर गेला, आणि त्याच्या जागी सरकारी शिक्क्याचा पुढारी आला. याचा राग कामगारांत साठत गेला. ऑक्टोबर १९८१ मध्ये बोनसवरून चिडलेले कामगार घाटकोपरला डॉ. दत्ता सामंतांच्या घरी जाऊन बसले, आणि १८ जानेवारी १९८२ ला सुमारे अडीच लाख माणसं बाहेर पडली. सामंत डॉक्टर होते, खाणकामगारांवर उपचार करता करता चळवळीत आलेले. पैशाने न विकला जाणारा माणूस, हे त्यांचे विरोधकही मान्य करत. कामगारांनी त्यांना स्वतः निवडलं होतं. त्यांच्या पुढारपणाबद्दल मला शंका नाही.

तरी एक गोष्ट मला बोललीच पाहिजे. तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. १९२८ मध्ये सगळ्यांना एकत्र आत नेणारं कुणीतरी होतं. १९८३ मध्ये माणसं एकेकटी, मान खाली घालून, ज्याला जसं जमेल तशी परतली, आणि हजारो परतूच शकली नाहीत. सरकारने आणि मालकांनी दाखवलेल्या निर्दयपणाचा दोष मी सामंतांवर टाकत नाही. पण माणसांना बाहेर काढणाऱ्याने त्यांना आत नेण्याची वाटही, ती कितीही कडू असली तरी, स्वतः चालून दाखवावी असं मला तेव्हाही वाटत होतं.

आमचे ते वयस्कर जॉबर १९८३ च्या पावसाळ्यात माझ्याकडे येऊन आपल्या खात्यातल्या न परतलेल्या माणसांचे गावचे पत्ते मस्टरवरून उतरवून घेऊ लागले. पत्ते द्यायची मला परवानगी नव्हती, मी दिले. ते पोस्टकार्डं लिहायचे: खातं चालू झालंय, जागा भरतायत, नवीन माणसं घेण्याआधी ये, मास्तरांशी मी बोलतो. चाळीत त्यांना गद्दार म्हणणारे होते. एकाने त्यांच्या दारावर तसं खडूने लिहिलं. त्यांनी ते पुसलं नाही आणि कार्डं लिहिणंही थांबवलं नाही. संप मोडायला ते निघाले नव्हते. जानेवारीत पहिल्या दिवशी ते स्वतः बाहेर पडले होते आणि दीड वर्ष घरी बसले होते. पाटण, खेड, चंदगड, आझमगढ असे पत्ते होते. काही जण आले, मास्तरांनी घेतले. काहींची कार्डं ‘पत्त्यावर नाही’ असा शेरा मारून परत आली, आणि ती त्यांनी माझ्याकडे आणून दिली, पुढेमागे चौकशी झाली तर यांची नावं वगळू नका म्हणून.